गूगल सर्च कन्सोल: पैसे मागत नाही, दर आठवड्याला अर्धा तास मागतं

धंद्याची वेबसाईट सुरू झाली की पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी एसईओवाल्यांचे, म्हणजे साईट गूगलच्या शोधात वर आणून देतो म्हणणाऱ्यांचे, फोन येतात. ‘तीन महिन्यांत पहिल्या पानावर, गॅरंटीसह.’ पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलने आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय, तरी हे फोन काही थांबत नाहीत. अशा एजन्सीला महिन्याचे पैसे द्या किंवा देऊ नका, पण एक साधन मालकाच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये असायलाच हवं: गूगल सर्च कन्सोल, म्हणजे गूगलच्या शोधात आपली साईट कुठे आणि किती दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन. याचं जुनं नाव वेबमास्टर टूल्स. 2015 मध्ये नाव बदललं, 2018 मध्ये रूप बदललं. किंमत तेव्हाही शून्य, आजही शून्य.

हे परीक्षण छोट्या धंद्याच्या बाजूने लिहिलंय. पन्नास ते पाचशे पानांची साईट, अर्धा मजकूर मराठीत, अर्धा इंग्रजीत, आणि या कामासाठी वेगळा माणूस नाही. उदाहरणाला कोल्हापुरी गूळ आणि मसाले ऑनलाइन विकणारं एखादं दुकान धरू.

एक गोष्ट सुरुवातीलाच: कन्सोल कुठलंही पान वर चढवत नाही. साईट जोडली म्हणून गूगल खूश होत नाही. पुढचा तासभर नेमका कुठल्या पानावर घालवायचा, एवढंच ते सांगतं, आणि हे सांगण्यात त्याची बरोबरी महिन्याला हजारो रुपये घेणारी साधनंही करत नाहीत. कारण ती साधनं अंदाज बांधतात. कन्सोलमधला आकडा थेट गूगलच्या घरचा असतो. पण हे सांगणं ऐकून दर आठवड्याला काहीतरी करणारा माणूस नसेल, तर तो नुसता आलेख बघायचा छंद होतो.

जोडणी

साईट दोन प्रकारे जोडता येते. ‘यूआरएल प्रीफिक्स’ प्रकारात फक्त तुम्ही टाकलेल्या नेमक्या पत्त्याने सुरू होणारी पानं मोजली जातात. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला हे दोन वेगळे पत्ते ठरतात. ‘डोमेन’ प्रकारात सगळं एकत्र येतं. डोमेनच घ्या. त्यासाठी डीएनएसमध्ये (डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं याची नोंदवही) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची एक नोंद, टाकावा लागतो, आणि इथेच बरेच जण अडकतात. डोमेन एका कंपनीकडून घेतलेलं असतं, नेमसर्व्हर (ही नोंदवही ठेवणारे सर्व्हर) मात्र होस्टिंगवाल्याकडे, म्हणजे साईट ज्याच्या सर्व्हरवर आहे त्याच्याकडे, किंवा क्लाऊडफ्लेअरसारख्या सेवेकडे वळवलेले असतात. अशा वेळी डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलमध्ये रेकॉर्ड टाकून उपयोग नाही. नेमसर्व्हर जिकडे वळवलेत तिकडेच तो टाकायचा. काही मिनिटांत पडताळणी होते, कधी काही तास लागतात. झाल्यावर रेकॉर्ड ‘साफसफाई’त उडवू नका, गूगल तो अधूनमधून पुन्हा तपासतं.

मालकी स्वतःच्या जीमेलवर ठेवा. साईट बनवणाऱ्याने त्याच्या खात्यावर पडताळणी करून दिली आणि नंतर त्याच्याशी वाजलं, की सगळं अडून बसतं. एजन्सीला ‘फुल यूझर’ म्हणून जोडा, ‘ओनर’ म्हणून नको. रोजच्या कामाला तेवढं पुरतं. संबंध संपल्यावर यादीतून नाव काढलं म्हणजे काम झालं असं नाही. त्यांनी पडताळणीसाठी ठेवलेला मेटा टॅग (पानाच्या कोडमधली खूण), फाईल किंवा डीएनएस रेकॉर्डही काढावा लागतो, नाहीतर ते पुन्हा मालक म्हणून आत येऊ शकतात.

मग साईटमॅप, म्हणजे साईटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, द्या. साईट वर्डप्रेस या प्रणालीवर असेल तर योस्ट किंवा रँकमॅथ ही प्लगइन्स तो आपोआप बनवतात. एका साईटमॅपमध्ये 50,000 पत्ते किंवा 50 एमबी ही मर्यादा आहे, छोट्या दुकानाला ती कधी आठवायचीही गरज नाही. त्यातलं ‘प्रायॉरिटी’ (पान किती महत्त्वाचं) आणि ‘चेंजफ्रीक’ (किती वेळा बदलतं) गूगल वाचतच नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवू नका. ‘लास्टमॉड’ची, म्हणजे शेवटच्या बदलाची, तारीख वाचतं, पण ती खरी असेल तरच, रोज सगळ्या पानांना आजची तारीख चिकटवणारं प्लगइन असेल तर गूगल त्या तारखेवर विश्वास ठेवणं सोडतं.

परफॉर्मन्स: खरी कमाई इथे

या अहवालात चार आकडे असतात: क्लिक, इम्प्रेशन (शोधात किती वेळा दिसलात), सीटीआर (इम्प्रेशनपैकी किती टक्के क्लिक झाले) आणि सरासरी पोझिशन (निकालांत कितव्या क्रमांकावर). सुरुवातीला पहिले दोनच चालू असतात. बाकीचे दोनही टिचकी मारून चालू करा. नोंद सोळा महिन्यांपर्यंतची मिळते, त्यामागची पुसली जाते. म्हणून दर महिन्याच्या शेवटी ‘एक्स्पोर्ट’ दाबून गूगल शीट्समध्ये साठवून ठेवण्याची सवय लावा. दोन वर्षांनी हीच शीट सगळ्यात मोलाची ठरते.

तारखांची एक गंमत माहीत असावी. इथला दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार बदलतो. म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबाराला, आणि त्यांच्या हिवाळ्यात दीडला, नवी तारीख लागते. रविवारी सकाळी आलेले क्लिक कन्सोलमध्ये शनिवारच्या खात्यात दिसले तर दचकू नका. शिवाय आकडे पक्के व्हायला दोनतीन दिवस जातात. ‘24 तास’ असा ताजा आलेखही आता मिळतो, तो स्थानिक वेळेनुसार असतो. पण त्यावरून निर्णय घेऊ नयेत.

आता मुख्य कृती. तारीख ‘शेवटचे तीन महिने’, देश भारत, आणि क्वेरीच्या, म्हणजे लोकांनी शोधलेल्या शब्दांच्या, यादीत पोझिशन 8 ते 20 मधल्या ओळी निवडून घ्या. इम्प्रेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. गूगलने तुम्हाला दाराशी आणून उभं केलंय, आत घेतलेलं नाही, असे हे शब्द. समजा, ‘सेंद्रिय गूळ किंमत’ या शोधावर 900 इम्प्रेशन, 9 क्लिक, पोझिशन 11.4. सीटीआर एक टक्का. त्या ओळीवर टिचकी मारा आणि ‘पेजेस’ टॅब उघडा. इथे तीनपैकी एक चित्र दिसतं.

पहिलं: योग्य पानच दिसतंय, पण त्यावर किंमतच नाही. ‘भावासाठी व्हॉट्सअॅप करा’ एवढंच. शोधणाऱ्याने किंमत विचारलीय, पानाने उत्तर दिलेलं नाही. अर्धा किलो, एक किलो, पाच किलो, दहा किलो अशा वजनांसह भाव, कुठे किती दिवसांत पोचतो, घरपोच खर्च किती, हे सगळं मजकुरात लिहा, फोटोत नको. घाऊक भाव रोज हलतो म्हणून किंमत लिहीत नाही, असं बरेच व्यापारी म्हणतात. मग ‘या आठवड्याचा भाव’ असं लिहून दर सोमवारी बदला; पान ताजं राहतं ते वेगळंच.

दुसरं: मालाचं पान सोडून होमपेज दिसतंय. म्हणजे गूळ या विषयाचं तुमचं सर्वांत भक्कम पान कुठलं, हे गूगलला कळलेलं नाही. होमपेजवरून आणि मसाल्यांच्या, पाककृतींच्या पानांवरून गुळाच्या पानाला दुवे द्या, आणि दुव्याचे शब्द ‘येथे क्लिक करा’ असे ठेवू नका; ‘सेंद्रिय गूळ, भाव आणि वजनं’ असे ठेवा. कन्सोलच्या ‘लिंक्स’ अहवालात अंतर्गत दुवे चढत्या क्रमाने लावले की उपाशी पानं लगेच सापडतात. विक्रीचं मुख्य पान आणि त्याला साईटभरातून दोनच दुवे, हे दृश्य फार वेळा दिसतं.

तिसरं आणि सगळ्यात त्रासाचं: एकाच शोधावर दोन-तीन पानं आलटून पालटून दिसतायत. ‘सेंद्रिय गूळ’, ‘नैसर्गिक गूळ’, ‘केमिकल-फ्री गूळ’ अशी तीन पानं कोणीतरी सल्ला दिला म्हणून बनवलेली असतात, मजकूर मात्र नव्वद टक्के तोच. पोझिशनचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. उपाय एकच. सगळ्यात जास्त क्लिक मिळणारं पान ठेवा, बाकीच्यांतला कामाचा मजकूर त्यात घ्या आणि उरलेल्या पत्त्यांवरून 301 रीडायरेक्ट (ठेवलेल्या पानाकडे कायमचं वळवणं) लावा. नुसती पानं डिलीट केलीत तर त्यांना बाहेरून मिळालेले दुवे वाया जातात.

बदल केला की तारीख आणि काय बदललं ते लिहून ठेवा. मग तीन-चार आठवडे त्या पानाला हात लावू नका. त्यानंतर ‘कम्पेअर’मध्ये बदलाआधीचे 28 दिवस आणि नंतरचे 28 दिवस शेजारी ठेवा. तीन दिवसांत फरक पडला नाही म्हणून शीर्षक पुन्हा बदलणारे लोक शेवटपर्यंत काहीच शिकत नाहीत, कारण कशाने काय झालं हे त्यांना कधी कळतच नाही. एसईओचा फायदा दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गूगलच सांगतं. तेवढा दम नसेल तर सरळ जाहिरातीवर पैसे घाला, त्यात काही कमीपणा नाही.

तुलनेतही एक खड्डा आहे. मागच्या वर्षीच्या त्याच तारखा निवडायची सोय कन्सोलमध्ये आहे, पण आपल्या सणांना ती लागू पडत नाही. 2023 मध्ये दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती, 2024 मध्ये ऑक्टोबर संपता संपता आली, 2025 मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच. तारखेला तारीख लावून बघितलंत तर एका वर्षी धंदा बुडालेला दिसेल, दुसऱ्या वर्षी उसळलेला. ‘कस्टम’ निवडून लक्ष्मीपूजनाआधीचे तीस दिवस मोजा. संक्रांत मात्र 14-15 जानेवारीलाच असते, तीळगुळाच्या शोधांची सरळ तुलना चालते. फराळ परदेशी पाठवणाऱ्यांनी देशाचा फिल्टर अमेरिका, ब्रिटन, अमिराती असा फिरवून बघावा. तिकडची चौकशी इकडच्या आधी सुरू होते, कारण पार्सल पोचायला वेळ लागतो.

मराठी शोध वेगळे कसे काढायचे

याबद्दल इंग्रजी मार्गदर्शकांत फारसं काही मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर. आपला ग्राहक तीन तऱ्हांनी शोधतो: देवनागरीत, रोमन अक्षरांत मराठी, आणि सरळ इंग्रजीत. तिन्ही ढिगांची पोझिशन वेगवेगळी असते आणि एकत्र सरासरीला काही अर्थ राहत नाही.

क्वेरी फिल्टर उघडा, ‘कस्टम (रेजेक्स)’, म्हणजे अक्षरांच्या नमुन्याने गाळण्याचा पर्याय, निवडा आणि चौकटीत एवढंच लिहा: [अ-ह]. ज्या शोधात एक जरी देवनागरी अक्षर आहे तो प्रत्येक शोध यादीत येतो. त्याच चौकटीत ‘जुळत नाही’ हा पर्याय घेतला की उरलेले रोमन लिपीतले. देवनागरीत अर्थात हिंदीही मिसळलेली असते. तिला बाजूला काढायला नुसतं ळ टाका. गूळ, तांदूळ, फराळ, पोळी, हळद: ळ असलेला शोध हिंदीवाल्याचा असण्याची शक्यता जवळजवळ नाही. सगळी मराठी यात पकडली जात नाही, हे खरं, पण पहिला अंदाज पाच सेकंदांत येतो. हे फिल्टर एप्रिल 2021 पासून आहे आणि अजून कितीतरी जणांनी उघडलेलंच नाही.

ऱ्हस्वदीर्घाचंही असंच. लोक ‘गूळ’ लिहितात तसंच ‘गुळ’ही लिहितात. ग[ुू]ळ असं टाकलं की दोन्ही एकत्र येतात. मग दोन्हींची पोझिशन वेगवेगळी काढून बघा. जवळपास सारखी असेल तर गूगलला दोन्ही एकच आहेत हे कळलंय, तुम्ही शुद्ध लिहा आणि पुढे चला. चुकीच्या रूपासाठी वेगळं पान बनवायच्या फंदात पडू नका. रोमनमधल्या शोधांना इम्प्रेशन भरपूर आणि पोझिशन तिसऱ्या पानावर असेल, तर मालाच्या नावात एकदा रोमन रूपही द्या. पानभर पेरू नका.

शब्दांची फारकतही इथेच उघडी पडते. कोल्हापूरचा व्यापारी पानावर ‘गुळाचे रवे’ लिहितो, मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक ‘गुळाची ढेप’ शोधतं. दोन्ही लिहा. नुसतं ‘रवे’ ठेवलंत तर उपम्याच्या रव्याचे शोध येऊन इम्प्रेशन फुगतात आणि सीटीआर रसातळाला जातो, मग माणूस कारण नसताना शीर्षकं बदलत बसतो.

पत्त्याबद्दल एक सूचना. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण तो साठवला जातो सांकेतिक रूपात: एका देवनागरी चिन्हाची टक्केवाली नऊ अक्षरं होतात. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला दोनशे अक्षरांची मर्यादा घालतं, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम बावीस चिन्हं. लांब मराठी शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवला की अर्धा पडदा भरतो. पत्ता रोमन अक्षरांत, छोटा ठेवा. शीर्षक आणि मजकूर मराठीत ठेवा.

पेज इंडेक्सिंग: सगळं हिरवं करायच्या मागे लागू नका

‘नॉट इंडेक्स्ड’ (गूगलने शोधाच्या यादीत न घेतलेली पानं) 240 असा आकडा बघून घाबरलेल्या मालकाला एजन्सी लगेच एक पॅकेज विकते. त्या 240 मधली बहुतेक पानं तिथे असायलाच हवीत: रीडायरेक्ट झालेले पत्ते, टॅगची पानं, फिल्टरचे पत्ते, ‘पर्यायी पान, योग्य कॅनॉनिकलसह’ (ज्यांचं मुख्य पान दुसरं नेमलंय अशा प्रती). त्यांना हात लावू नका. प्रश्न एवढाच विचारायचा की पैसे मिळवून देणारं एखादं पान या यादीत आहे का.

‘एक्सक्लूडेड बाय नोइंडेक्स’मध्ये, म्हणजे ‘शोधात घेऊ नका’ अशी खूण असलेल्यांत, मालाची पानं दिसली तर आधी वर्डप्रेसची ‘रीडिंग’ सेटिंग्ज उघडा. साईट बनत असताना सर्च इंजिनांना दूर ठेवण्याची खूण केलेली असते आणि उद्घाटनाच्या गडबडीत ती तशीच राहते. ‘ब्लॉक्ड बाय रोबॉट्स’ असेल तर गूगलने कुठे जाऊ नये ते सांगणारी रोबॉट्स फाईल बघा. दोन्ही एकत्र कधी लावू नका: फाईलने दार बंद केल्यावर गूगलला आत जाऊन नोइंडेक्स वाचताच येत नाही, आणि पान नुसत्या पत्त्यासकट शोधात लटकत राहू शकतं.

‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्ता माहीत आहे, गूगल अजून तिथे गेलेलं नाही. छोट्या साईटवर याचं नेहमीचं कारण म्हणजे त्या पानाला आतून दुवेच नाहीत, किंवा सर्व्हर इतका मंद की गूगलच आवरतं घेतं. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘क्रॉल स्टॅट्स’मध्ये (गूगलचं यंत्र पानं वाचून गेल्याची नोंद) सरासरी उत्तराचा वेळ बघा, तो सतत एका सेकंदाच्या वर असेल तर स्वस्त होस्टिंग बदलायची वेळ झालीय. ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ हे जास्त झोंबणारं. गूगल येऊन वाचून गेलं आणि ठेवण्यासारखं काही वाटलं नाही. उत्पादकाने दिलेलं तेच वर्णन, फक्त गावाचं नाव बदललेली वीस पानं, दोन ओळींचं मालाचं पान: तिथे ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबून काही होत नाही. दिवसाला मोजक्याच विनंत्या चालतात, आणि तेच पान पुन्हा पुन्हा पाठवल्याने रांगेत नंबर पुढे सरकत नाही. मजकूर सुधारा, पानं एकत्र करा, मग एकदाच विनंती टाका.

माल संपला की पान रिकामं करून ‘उपलब्ध नाही’ एवढंच ठेवण्याची पद्धत ‘सॉफ्ट 404’ (पान उघडतं, पण गूगल ते नसल्यासारखं धरतं) ओढवून घेते. हंगामी माल असेल तर पान तसंच ठेवा, वर्णन, फोटो, वजनं सगळं राहू द्या, आणि ‘नवा गूळ हंगाम सुरू झाल्यावर’ अशी ओळ घाला.

वरच्या ‘यूआरएल इन्स्पेक्शन’च्या चौकटीत पत्ता टाकून ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ चालवा आणि गूगलला दिसणारं पान उघडून बघा. मराठी साईटींचा जुना आजार इथे कळतो. श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवलेला असतो, डोळ्यांना मराठी दिसतो, आत मात्र इंग्रजी अक्षरांची निरर्थक जंत्री. दरपत्रकाच्या पीडीएफचंही तेच. पीडीएफमधली ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. कचरा आला तर गूगललाही तो कचराच दिसतोय. युनिकोडमध्ये रूपांतर करून, पुन्हा वाचून, जोडाक्षरं आणि रफार तपासून टाका. डिझायनरने बनवलेली दरांची जेपीजी पोस्टरं शोभेला ठेवा, भाव मात्र खाली मजकुरात असू द्या.

वेग

कोअर वेब व्हायटल्सच्या, म्हणजे पान किती चटकन आणि स्थिर उघडतं याच्या गूगलच्या मापांच्या, मर्यादा ठरलेल्या आहेत: मुख्य घटक 2.5 सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद 200 मिलिसेकंदांत, आणि पान हलण्याचा आकडा 0.1 च्या आत. प्रतिसादाचं आयएनपी हे माप मार्च 2024 मध्ये आलं. आकडे खऱ्या भेटींचे, मागच्या 28 दिवसांचे असतात. म्हणून आज दुरुस्ती केली तर आलेख महिन्याभराने हलतो. कमी वर्दळीच्या साईटला इथे ‘पुरेशी माहिती नाही’ एवढंच दिसतं. तेव्हा गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या वेग तपासणाऱ्या साधनात पत्ता टाकून काम भागवा.

बहुतेक दुकानांचा घोळ दोनच ठिकाणी असतो. मोबाईलवरून थेट चढवलेला चार-पाच एमबीचा बॅनर: तो वेबपी या हलक्या चित्रप्रकारात, 1200 पिक्सेल रुंदीचा करा, दोनशे केबीच्या आत आणा, रुंदी-उंची कोडमध्ये लिहा आणि वरच्या या एका चित्राला लेझी लोडिंग (खाली सरकल्यावरच चित्र आणणं) लावू नका. दुसरं देवनागरी फॉन्ट. जोडाक्षरांमुळे त्यांच्या फाईली जड असतात आणि थीम सहा-सहा जाडींचे फॉन्ट ओढून आणते. दोन जाडी पुरतात. एवढं झाल्यावर वेगाच्या मागे लागू नका. शंभरपैकी शंभर गुण मिळवून दुबळं पान वर जात नाही.

कुठे कमी पडतं

पडद्यावर क्वेरींच्या हजारच ओळी दिसतात. अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवलेले असतात, त्यामुळे ओळींची बेरीज आणि वरचा एकूण आकडा जुळत नाही. तो हिशेब जुळवायला बसू नका, जुळणार नाही. प्रतिस्पर्ध्यांबद्दल एक अक्षरही नाही. सांगलीत कितवे आणि नाशकात कितवे, हेही नाही. पोझिशन सगळ्या ठिकाणांची सरासरी असते. क्लिकनंतर ऑर्डर आली की फोन आला, हे बघायला अॅनालिटिक्स (साईटवरच्या भेटी मोजणारं साधन) वेगळं लावावं लागतं. नकाशावरच्या बिझनेस प्रोफाइलमधून साईटवर येणारे क्लिक इथे मिसळतात, ते वेगळे काढायचे तर प्रोफाइलमधल्या पत्त्याला यूटीएम खूण (क्लिक कुठून आला ते सांगणारं शेपूट) जोडा.

एआय ओव्हरव्ह्यूमधून, म्हणजे निकालांच्या वर एआयने दिलेल्या उत्तरातून, आलेले क्लिक आणि इम्प्रेशन ‘वेब’च्या आकड्यातच धरले जातात, त्यांना वेगळा फिल्टर नाही. इम्प्रेशन टिकून आहेत आणि क्लिक घसरलेत असं माहितीपर पानांवर दिसलं तर हे एक कारण असू शकतं. ‘गूळ कसा साठवावा’चं उत्तर वरच मिळालं की खाली कोण येतो? भाव, वजन, घरपोच यांच्या पानांवर जास्त कष्ट घेण्याचं हेही एक कारण. आणि सप्टेंबर 2025 च्या सुमाराला डेस्कटॉपची इम्प्रेशन अचानक खाली, पोझिशन अचानक वर, असा खड्डा तुमच्याही आलेखात असेल तर तुमचं काही बिघडलेलं नाही. एका पानावर शंभर निकाल मागण्याची जुनी सोय गूगलने तेव्हा बंद केली, आणि रँक तपासणाऱ्या यंत्रांनी फुगवलेली इम्प्रेशन गळाली.

मराठी-इंग्रजी जोडपानांच्या एचरेफलँग (कुठलं पान कुठल्या भाषेचं ते सांगणारी खूण) चुका दाखवणारा अहवाल 2022 मध्ये काढून टाकला. मोबाईल वापराचा अहवालही 2023 च्या अखेरीस गेला. दोन्ही छोट्या धंद्याच्या कामाचे होते.

अर्धा तास कसा वापरायचा

आठवड्यातला एक वार ठरवा. आधी मॅन्युअल अॅक्शन (गूगलच्या माणसांनी साईटवर केलेली कारवाई) आणि सिक्युरिटी या दोन पानांवर नजर टाका. ‘काही अडचण नाही’ दिसलं की पुढे. मग मागच्या 28 दिवसांची त्याआधीच्या 28 दिवसांशी तुलना, पानानुसार, क्लिकच्या फरकाने लावून. सगळ्यात जास्त घसरलेली तीन पानं बघा. शेवटी 8 ते 20 च्या यादीतलं एक पान उचला आणि त्या आठवड्यात तेवढं एकच पान नीट करा. वर्षाला पन्नासेक पानं होतात. पन्नास पानांच्या दुकानाची अख्खी साईट यात येते.

महिन्यातून एकदा एक्स्पोर्ट आणि इंडेक्सिंगचा फेरा. तीन महिन्यांतून एकदा लिंक्स आणि यूझरची यादी. वाईट दुवे नाकारायचं ‘डिसअव्हाउ’ साधन मात्र बंदच राहू द्या. मॅन्युअल अॅक्शन आलेली नसेल, आणि तुम्ही स्वतः पैसे देऊन दुवे विकत घेतलेले नसतील, तर त्याने फायद्यापेक्षा तोटाच जास्त होतो. स्पॅम दुव्यांकडे गूगल बहुधा दुर्लक्षच करतं.

दहा-बारा पानांची नुसती माहितीपर साईट असलेल्या दवाखान्याला किंवा गॅरेजला आठवड्याचा फेराही नको. महिन्याला एकदा पुरे, उरलेला वेळ बिझनेस प्रोफाइलवर फोटो, वेळा आणि ग्राहकांच्या अभिप्रायांना उत्तरं देण्यात घाला. बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकट साईटवरच भागवणाऱ्यांची ती साईट गूगलने मार्च 2024 मध्ये बंद केली, तेव्हा स्वतःचं डोमेन आता लागतंच. हजारो पानांच्या दुकानाने मात्र कन्सोलच्या पडद्यावर विसंबू नये. त्यांनी बिगक्वेरी या गूगलच्या डेटा साठवणीकडे थेट निर्यात लावावी, फेब्रुवारी 2023 पासून ती सोय आहे.

आणि कन्सोल एकदा नीट जोडलं की बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्ये ‘गूगलमधून आयात’ दाबा. पडताळणी, साईटमॅप सगळं पाच मिनिटांत तिकडे जातं, वेगळं काही करावं लागत नाही.